ॲलिसन फेलिक्स : मैदान, शाळा आणि घर
(शाळेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी शिक्षकाला बोलायला उभे केले की तो ‘अभ्यास करा, आईवडिलांचे नाव काढा’ असेच सांगणार, हे तुम्हां सर्वांना पाठ असते. मीही अखेरीस त्याच्या आसपासच येणार आहे. परंतु उपदेशापेक्षा उदाहरण बरे, म्हणून आज मी एका धावपटूची हकीकत सांगणार आहे. ॲलिसन फेलिक्स हे तिचे नाव. ती अमेरिकेची. २०२२ साली ती मोठ्या स्पर्धांतून निवृत्त झाली, तेव्हा तिच्याजवळ ऑलिंपिकची ११ पदके होती. त्यांपैकी ७ सुवर्ण, ३ रौप्य व १ कांस्य. जागतिक अजिंक्यपद स्पर्धांतील पदके २०, त्यांत १४ सुवर्ण.

एवढे आकडे सांगून मी खाली बसलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि घरी जाऊन विसराल. म्हणून तिची कारकीर्द मी निराळ्या रीतीने मांडणार आहे. पालक शाळेत भेटायला येतात तेव्हा तीन प्रश्न माझ्या कानांवर नेहमी पडतात. पहिला : खेळाच्या नादाने अभ्यास बुडणार नाही ना? दुसरा : एवढी मेहनत करून दुसराच नंबर आला, मग उपयोग काय? आणि तिसरा, जो बहुधा तोंडाने विचारला जात नाही पण मनात असतो : मुलगी आहे, उद्या लग्न होईल, मूल होईल, मग हे सारे कशासाठी? या तिन्ही प्रश्नांना ॲलिसनच्या आयुष्यात काय उत्तर मिळाले, ते पाहू.

पहिला प्रश्न अभ्यासाचा. ॲलिसनचा जन्म १८ नोव्हेंबर १९८५ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. आई प्राथमिक शाळेतील शिक्षिका. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे घर धार्मिक वळणाचे, शिस्तीचे आणि पुस्तकांचे. पुष्कळांना असे वाटते की ज्या घरात धर्माचा आणि विद्येचा आदर आहे त्या घरातील मुलीने मैदानावर जाऊ नये. या घराला तसे वाटले नाही. मुलगी उंच, पाय लांब आणि अगदी काटकुळे. सोबतचे विद्यार्थी तिला ‘कोंबडीचे पाय’ म्हणून चिडवीत. नववीत असताना ती शाळेच्या धावण्याच्या संघाच्या निवडीला गेली आणि त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी कॅलिफोर्निया राज्याच्या शालेय स्पर्धेत २०० मीटरमध्ये सातवी आली. त्या काटकुळ्या मुलीने शाळेच्या व्यायामशाळेत वजने उचलण्याचाही कसून सराव केला.

२००३ च्या मे महिन्यात, वयाच्या १७ व्या वर्षी, तिने मेक्सिको सिटी येथे २०० मीटर अंतर २२.११ सेकंदांत कापले. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असते, धावणाऱ्याला हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे कमी अंतराच्या शर्यतींत वेळ चांगली येते. तरीही सतरा वर्षांच्या मुलीने ही वेळ द्यावी हे नवलच होते. मात्र त्या स्पर्धेत उत्तेजक द्रव्यांची चाचणी झाली नव्हती, म्हणून ती वेळ कनिष्ठ गटाचा जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली नाही. मुलगी निर्दोष, पण कागद अपुरा! तिने त्याचे रडगाणे गायले नाही. पुढच्याच वर्षी, सर्व नियम पाळल्या गेलेल्या स्पर्धेत, अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये, तिने २२.१८ सेकंदांत धावून तो विक्रम रीतसर आपल्या नावावर लावला.

आता पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. शाळा संपता संपता तिला बूट तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने करार देऊ केला. पैसा समोर आला. त्या काळच्या अमेरिकन नियमाप्रमाणे असा पैसा घेणाऱ्याला कॉलेजच्या संघातून धावता येत नसे. म्हणजे करार घेतला तर कॉलेजचे मैदान बंद. अशा वेळी ‘मग कॉलेज तरी कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ निघतात. फेलिक्स कुटुंबाने करार स्वीकारला, पण त्यात मुलीच्या शिक्षणाचा खर्च कंपनीने द्यावा अशी तरतूद करून घेतली. ॲलिसन सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात साधी विद्यार्थिनी म्हणून गेली. सराव एकीकडे, वर्ग दुसरीकडे. २००८ साली तिने पदवी घेतली. विषय कोणता? प्राथमिक शिक्षण! आईचाच व्यवसाय. जिच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक होते ती मुलगी लहान मुलांना कसे शिकवावे याचा अभ्यास करीत होती, हे ऐकून मला एक शिक्षक म्हणून किती आनंद झाला असेल, हे तुम्ही समजू शकाल. खेळ आणि अभ्यास ही एकमेकींच्या सवती नव्हेत. दोन्हींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे वेळेचा हिशेब. तो हिशेब मुलाला एकट्याला जमत नाही. घरातील मोठ्यांनी त्याच्याबरोबर बसून तो लावावा लागतो.

दुसरा प्रश्न दुसऱ्या नंबराचा. २००४ साली अथेन्सला १८ वर्षांची ॲलिसन २०० मीटरमध्ये दुसरी आली. पहिली आली जमैकाची व्हेरोनिका कॅम्पबेल. त्या वयात रौप्यपदक म्हणजे मोठी गोष्ट, सर्वांनी कौतुक केले. २००५ मध्ये हेलसिंकीला आणि २००७ मध्ये ओसाकाला ॲलिसन २०० मीटरची जगज्जेती झाली. ओसाकाला तर तिने एकाच स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळविली. आता २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीच जिंकणार असे सर्वांना वाटले. शर्यत झाली. कॅम्पबेल-ब्राऊन २१.७४ सेकंद, ॲलिसन २१.९३ सेकंद. तीच प्रतिस्पर्धी, तेच अंतर आणि पुन्हा दुसरा नंबर. ४ बाय ४०० मीटरच्या रिलेमध्ये सुवर्ण मिळाले, परंतु मनात धरलेली शर्यत हातची गेली.

विद्यार्थी मित्रांनो, ऑलिंपिक चार वर्षांनी एकदा येते. बावीस सेकंदांच्या शर्यतीसाठी पुन्हा चार वर्षे थांबायचे. त्या चार वर्षांत तिने २००९ मध्ये बर्लिनला पुन्हा जागतिक अजिंक्यपद मिळविले. २०११ मध्ये देगू येथे ४०० मीटरमध्ये रौप्य आणि २०० मीटरमध्ये कांस्य घेतले. ४०० मीटरच्या तयारीने दमसास वाढतो आणि १०० मीटरच्या तयारीने सुरुवातीचा वेग वाढतो. २०० मीटरला दोन्ही लागतात, कारण ही शर्यत वळणावर सुरू होते आणि सरळ पट्टीवर संपते. वळणावर वेग सांभाळावा लागतो आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय जड झाले तरी तो टिकवावा लागतो. २०१२ साली लंडनला ॲलिसनने २१.८८ सेकंदांत २०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. अथेन्सपासून मोजले तर आठ वर्षे. इयत्ता पाचवीतले मूल बारावीची परीक्षा देईपर्यंतचा तो काळ आहे.

त्याच लंडनमध्ये ४ बाय १०० मीटरच्या रिलेत तिने दुसऱ्या टप्प्याची धाव घेतली. अमेरिकेच्या चौघींनी ४०.८२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. मोडलेला विक्रम पूर्व जर्मनीचा होता, ४१.३७ सेकंदांचा, ऑक्टोबर १९८५ मधला. म्हणजे तो विक्रम ॲलिसनच्या जन्माहूनही सुमारे दीड महिन्याने जुना होता. ४ बाय ४०० मध्येही सुवर्ण मिळाले. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन.

यानंतर सारे सुरळीत झाले असेल असे समजू नका. २०१३ मध्ये मॉस्कोला २०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मांडीचा मागचा स्नायू दुखावून ती धावपट्टीवरच कोसळली. तिला उचलून मैदानाबाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, बीजिंगला तीच मुलगी ४०० मीटरची जगज्जेती झाली. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या काही महिने आधी घोट्याला दुखापत झाली. निवड चाचणीत ४०० मीटर तिने जिंकली, परंतु आपल्या आवडत्या २०० मीटरमध्ये ती एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी आली. पहिल्या तिघींनाच ऑलिंपिकला जाता येते. त्या वेगाने धावताना सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे अंतराच्या हिशेबाने सुमारे नऊ सेंटिमीटर, जवळजवळ चार बोटे! आपल्या पी. टी. उषा यांचे १९८४ सालचे कांस्यपदक लॉस एंजेलिसलाच, ४०० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, एवढ्याच फरकाने गेले होते, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

रिओमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ॲलिसन शेवटच्या पावलापर्यंत बहामाच्या शॉने मिलरच्या जवळ पोहोचली होती. मिलरने रेषेवर अक्षरशः अंग झोकून दिले आणि ४९.४४ विरुद्ध ४९.५१ अशी ती जिंकली. फरक जेमतेम हातभर. नियमाप्रमाणे धड रेषेपलीकडे आधी गेले की शर्यत जिंकली, मग पाय कुठेही असोत. ॲलिसनला रौप्य मिळाले.

तीनच दिवसांनी, म्हणजे अजून त्या शर्यतीची सल गेली नसेल तोवर, ४ बाय १०० रिलेच्या प्राथमिक फेरीत बॅटन खाली पडली. ॲलिसन बॅटन पुढे देत असताना शेजारच्या पट्टीतील ब्राझीलच्या खेळाडूचा तिला धक्का लागला. संघ बाद झाल्यासारखाच होता. ज्यांनी ही रिले पाहिली आहे त्यांना माहीत आहे की बॅटन घेणारी मागे न पाहता धावू लागते आणि हात मागे करते. देणारीने ती त्या हातात अचूक ठेवायची असते. सगळा खेळ विश्वासाचा. त्या गोंधळात ॲलिसनला एवढे सुचले की पडलेली बॅटन उचलून शर्यत पूर्ण केली पाहिजे, नाहीतर तक्रार करायलाही जागा राहणार नाही. चौघींनी शर्यत पूर्ण केली. अमेरिकेने दाद मागितली, ती मान्य झाली. मग त्या चौघी रिकाम्या धावपट्टीवर, शेजारी एकही प्रतिस्पर्धी नसताना, केवळ घड्याळाविरुद्ध पुन्हा धावल्या आणि पात्र ठरल्या. अंतिम फेरीत त्यांना पहिली पट्टी मिळाली, जिचे वळण सर्वांत आखूड आणि त्रासाचे. तेथून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. विद्यार्थ्यांनो, पेपर अवघड गेला म्हणून अर्ध्या वेळात उठून येणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट सांगत असतो. अन्याय झाला असे वाटले तरी आधी शर्यत पूर्ण करावी. दाद त्यानंतर मागावी.

आता तिसरा प्रश्न. माताभगिनींनी आणि त्याहूनही अधिक वडील मंडळींनी तो ऐकावा अशी माझी विनंती आहे.

२०१८ साली ॲलिसन गरोदर होती. आपल्या पोटात मूल आहे हे कळले तर करार हातचा जाईल या भीतीने ती पहाटे अंधारात सराव करीत असे, असे तिने पुढे जाहीरपणे सांगितले. जगातील सर्वोत्तम धावपटूला आई होणे लपवावे लागले! बत्तिसाव्या आठवड्यात ती नेहमीच्या तपासणीला गेली. डॉक्टरांनी तिला तसेच रुग्णालयात पाठविले. तिला प्री-एक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातील विकार झाला होता. यात रक्तदाब धोकादायक वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि वेळीच उपाय झाला नाही तर आई व मूल दोघांच्याही जिवावर बेतते. तातडीने शस्त्रक्रिया करून २८ नोव्हेंबर २०१८ रोजी मुलीचा जन्म झाला. वजन दीड किलोच्या आसपास. कितीतरी दिवस ते मूल अतिदक्षता विभागात होते. निरोगी शरीर, उत्तम आहार, उत्तम डॉक्टर असलेल्या स्त्रीवर ही वेळ आली. तपासणीला गेली नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. सून किंवा मुलगी गरोदर असेल, डोके सारखे दुखत असेल, चेहऱ्यावर व हातापायांवर सूज येत असेल, तर ‘होतेच असे’ म्हणून घरी बसवू नका. रक्तदाब तपासून घ्या.

२०१९ च्या मे महिन्यात तिने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. अमेरिकेत बाळंतपणात कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावतात, हे तिने तेथे आपल्या अनुभवासह मांडले. त्याच महिन्यात तिने न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रात लेख लिहिला. नायके ही कंपनी नव्या करारात पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ पाहत होती, असे तिने लिहिले. पैशांपेक्षा तिचे दुःख वेगळे होते. बाळंतपणाच्या आगेमागे काही महिने कामगिरी उतरली तर त्यासाठी दंड होणार नाही, एवढी लेखी हमी तिने मागितली होती, आणि ती मिळाली नव्हती. तिच्या आधी अलिशिया मोंटान्यो या धावपटूनेही असाच आवाज उठविला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने आपले धोरण बदलले आणि गरोदरपण व बाळंतपणाच्या काळातील १८ महिने खेळाडूचे मानधन कापले जाणार नाही असे जाहीर केले. ॲलिसनने मात्र तोपर्यंत दुसरा मार्ग धरला होता. पुढे २०२१ मध्ये तिने आपल्या भावाबरोबर स्वतःची बुटांची कंपनी काढली.

मूल झाल्यावर जेमतेम दहा महिन्यांनी, २०१९ मध्ये दोहा येथे, ती मिश्र रिलेत धावली आणि जागतिक स्पर्धेतील तिचे १२ वे सुवर्णपदक आले. यापूर्वी उसेन बोल्टची ११ सुवर्णपदके हा उच्चांक होता. तो एका लेकुरवाळीने मोडला. नंतर कोरोनाची साथ आली, मैदाने बंद झाली, ऑलिंपिक वर्षभर पुढे गेले. तिने रस्त्यांवर सराव केला.

६ ऑगस्ट २०२१, टोकियो. वय ३५. पायांत स्वतःच्या कंपनीचे बूट. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत तिला अगदी बाहेरची नववी पट्टी मिळाली होती. तिथून बाकीच्या धावपटू दिसत नाहीत, एकट्याने आपल्या अंदाजाने धावावे लागते. ४९.४६ सेकंदांत ती तिसरी आली. रिओला रौप्य मिळाले त्याहूनही ही वेळ चांगली होती. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टला, ४ बाय ४०० च्या अंतिम रिलेत चौघी धावल्या : सिडनी मॅक्लॉफ्लिन, ॲलिसन फेलिक्स, दलिला मुहम्मद आणि अथिंग मू. दलिला ही ४०० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीतील २०१६ ची ऑलिंपिक विजेती. अथिंग ही दक्षिण सुदानहून आलेल्या आईवडिलांची मुलगी, वय अवघे १९. वेळ ३ मिनिटे १६.८५ सेकंद आणि सुवर्णपदक. ॲलिसनचे हे अकरावे पदक. कार्ल लुईसची १० पदके मागे पडली. त्याच संध्याकाळी, त्याच मैदानावर, आपल्या नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्णपदक जिंकले होते. त्या दिवशी आपणा सगळ्यांचे लक्ष नीरजकडे होते, आणि ते योग्यच होते. पण त्या मैदानावर अडीच वर्षांच्या मुलीची आईही धावत होती, हे आपल्या मुलींना सांगायचे राहून गेले.

ही गोष्ट येथे गोड होऊन संपत नाही. रिओला पहिल्या पट्टीतून जिंकलेल्या चौघींपैकी शेवटचा टप्पा धावणारी टोरी बोवी २०२३ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, गरोदर असताना मरण पावली. ॲलिसनने पुन्हा लेखणी हाती घेतली आणि मातांच्या आरोग्यासाठी बोलत राहिली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसतिस्थानी लहान मुलांसाठी पाळणाघर उघडले गेले, त्यामागेही तिचा पुढाकार होता. त्याच वर्षी जगभरच्या खेळाडूंनी तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून दिले.

पालकहो, आपल्या मुलींतून सर्वच ऑलिंपिकला जातील असे मी म्हणत नाही. कदाचित एकही जाणार नाही. परंतु दहावीनंतर नाव काढून घेण्यासाठी जेव्हा एखादे पालक शाळेत येतात, तेव्हा पाठीमागे उभी असलेली मुलगी काही बोलत नाही. तिच्या वतीने मी आज बोलतो आहे. तिला आणखी दोन वर्षे द्या. संध्याकाळचा एक तास मैदानावर द्या. ती दुसरी आली तर पहिलीशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या तिच्या स्वतःच्या वेळेशी करा. आणि उद्या ती सासरी गेली, आई झाली, तर तिचे शिक्षण कपाटात बंद होणार नाही याची बोलणी लग्नाच्या बैठकीतच करा. फेलिक्स कुटुंबाने करारात शिक्षणाची अट घातली होती. आपणही आपल्या करारांत ती घालू शकतो.

आणि विद्यार्थ्यांनो, आज ज्यांना बक्षीस मिळाले त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाले नाही त्यांनी सोमवारी सकाळी साडेसहाला मैदानावर यावे. मी घड्याळ घेऊन उभा असेन.

 खुदा हाफिज. जय हिंद.